माशातलं सीझियम मोजायचं तर आधी त्याचं जठर उघडा

जपानमधल्या फुकुशिमाच्या २०११च्या अणुअपघातातून समुद्रात किरणोत्सारी सीझियम गेलं; तिकडचे मासे त्यासाठी तपासताना जठरातलं अन्न वेगळं ठेवायचं, हे मी नव्या माणसाला सुरीला हात लावण्याआधीच सांगतो. ते फेकलं की हातात नुसता आकडा उरतो, त्याचं कारण कळत नाही.

मासा अर्धवट गोठलेला असतानाच कापावा. पूर्ण सुटला की अंगचं पाणी गळतं आणि सीझियमही त्याबरोबर जातं. आधी लांबी आणि वजन घ्यायचं, वयासाठी कानातला खडा काढायचा. कल्ले धुवायचे. जठराची सुरी मांसाला लावायची नाही, कारण तळाच्या चिकणमातीचे कण सीझियम घट्ट धरून असतात. चिमूटभर गाळ मांसात मिसळला तरी आकडा फुगतो. मग खिमा करून, हवा न ठेवता डब्याच्या खुणेपर्यंत दाबून भरायचा आणि गॅमा किरण मोजणाऱ्या जर्मेनियम डिटेक्टरवर ठेवायचा. प्रत्येक किरणोत्सारी अणूची रेषा ठरावीक ऊर्जेला उमटते: सीझियम-१३७ची ६६२ केईव्हीला (केईव्ही हे ऊर्जेचं एकक) येते, १३४ची ६०५ आणि ७९६ला. वजन ओलं की सुकं हे लिहायला विसरू नका; सुक्याचा आकडा चार-पाच पट मोठा दिसतो.

आता जठर. समुद्रातला मासा खारं पाणी पितो आणि क्षार सतत बाहेर टाकतो, त्यामुळे खाण्यातून भर थांबली तर साधारण दोन-तीन महिन्यांत त्याचं सीझियम निम्मं होतं. तरीही आकडा हटत नसेल तर तो रोज नवं खातोय. जठरात तळातले किडे निघाले तर सीझियमचा उगम तळातच शोधायचा. गाळाने भरलेलं जठर मात्र फसवं असतं: मातीला चिकटलेलं सीझियम आतड्यातून फारसं शोषलं जात नाही.

वरच्या पाण्यातले, प्लवकांवर जगणारे मासे लवकर निवळले. ऐनामे हा तळाचा मासा ऑगस्ट २०१२मध्ये किलोला २५,८०० बेक्वेरल (किरणोत्साराचं एकक) दाखवत होता; जपानची खाण्यासाठीची मर्यादा १००. म्हणून ‘तळाचा तो वाईट’ असं मात्र नाही. ऑक्टोपसही तळालाच खातो, पण झटपट निचरा करतो, आणि जून २०१२च्या चाचणी मासेमारीत पहिल्यांदा उतरवलेल्या प्रजातींत तो होता. उलट अणुप्रकल्पाच्या बंदरात पकडलेल्या कुरोसोई या खडकाळ तळाच्या माशात मे २०२३मध्येही किलोला १८,००० बेक्वेरल निघाले.

स्ट्रॉन्शियम हे दुसरं किरणोत्सारी द्रव्य हाडात बसतं, त्यामुळे काट्यासकट खाल्ले जाणारे छोटे मासे त्यासाठी अख्खेच घ्यावे लागतात.

शेवटी १४६१ केईव्हीची रेषा बघायची. नैसर्गिक पोटॅशियम-४० माशात किलोला शंभरेक बेक्वेरल असतंच. पुरेसा वेळ मोजूनही ते दिसलं नाही, तर सीझियमचा आकडा लिहू नका. डबा परत भरा.