आजीची जीभ आणि बोकडाचा गाल

आजीच्या जिभेवर पांढरा थर आला, तिला वाटलं दह्याचा असेल म्हणून ब्रशने घासायला गेली तर खाली लालबुंद आणि आग आग. श्वासाचा पंप (इनहेलर) घेतल्यावर चूळ भर म्हणून दोन वर्षं ओरडतेय मी, तिचं उत्तर ठरलेलं, "अगं नंतर चहा घेते की." पंपातलं स्टिरॉइड थोडंफार तोंडातच राहतं, तिथला पहारा ढिला पडतो आणि एरवी गपचूप बसलेली कॅन्डिडा बुरशी हातपाय पसरते. त्यात कवळी ती रात्रीसुद्धा काढत नाही.

डॉक्टरांनी क्लोट्रिमाझोलचा माउथ पेंट दिला. लावला, आणि थोड्या वेळात गायब!! दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ सुटते माणसाला, जीभ सतत वळवळते, वर आजी बोलते. औषध बुरशी मारतं हो, पण तिच्याजवळ थांबेल तर ना.

एम.फार्मला माझा प्रोजेक्ट हाच होता, तोंडात आतून चिकटून बसणारी औषधाची फिल्म. ती किती चिकटते हे बघायला खरी कातडी लागते म्हणून मी सकाळी सकाळी मटणवाल्याकडे बोकडाच्या गालाचं आतलं अस्तर मागायला जायचे, तो म्हणाला, "मॅडम, याचं कालवण नाय होत." मग ते बर्फाच्या डब्यात घालून लोकलने कॉलेज, लेडीज डब्यात एक मावशी रोज विचारायच्या, पापलेट कसं मिळालं गं. लॅबमध्ये तराजूच्या एका बाजूला कातडीला चिकटवलेली फिल्म, दुसऱ्या बाजूला थेंब थेंब पाणी, फिल्म सुटली की पाण्याचं वजन लिहून ठेवायचं. बस्स, एवढंच महिनोन् महिने.

मी कायटोसान वापरायचे, कोळंबी-खेकड्याच्या कवचापासून बनतं ते, म्हणजे आपण सोलून फेकतो तेच. त्याच्यावर धन भार, तोंडातल्या म्यूसिनवर, म्हणजे लाळेला चिकट करणाऱ्या प्रथिनावर ऋण, म्हणून जोडी जमते. पण हा धन भार आंबट वातावरणात टिकतो आणि लाळ जवळपास न्यूट्रल, त्यामुळे कागदावर जमलेलं लग्न तोंडात मोडायला लागतं. पॉलिमर, म्हणजे हेच कायटोसान, वाढवला तर फिल्म फुगून जाड होते, जीभ तिला टोचून टोचून काढते, आणि औषधही आतच अडकून बसतं. चिकटायचंही आणि सोडायचंही, या दोघांच्या भांडणात माझं एक वर्ष गेलं.

हिरडीला चिकटणारी गोळी निघालीये तशी, मायकोनाझोल ५० मिलिग्रॅम, वरच्या सुळ्याच्या वर हिरडीवर दाबून बसवायची, दिवसातून एकदा, १४ दिवस. क्लोट्रिमाझोलच्या चघळायच्या गोळ्या दिवसाला ५ लागतात, त्यापुढे हे म्हणजे चैनच. मी लगेच डॉक्टरांना विचारलं. पण आजीला वॉरफरिन, म्हणजे रक्त पातळ ठेवायची गोळी, चालू आहे आणि मायकोनाझोलने त्याचा असर वाढून रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून चॅप्टर क्लोज.

मग काय, देशी उपाय. रात्री कवळी बाहेर. पेंट लावायच्या आधी जीभ गॉजने हलकेच टिपून कोरडी करायची आणि नंतर अर्धा तास चहा नाही, पाणी नाही, बोलणं नाही. आम्ही तो अर्धा तास सिरीयलच्या वेळेला बसवलाय, आता सुनेचं कारस्थान चाललं की आजी तोंड मिटून मला नुसती कोपराने ढोसते.