ती फिट नव्हती

केसपेपरवर लिहिलेलं होतं: उलट्या-जुलाब दोन दिवस, पहाटेपासून दोन वेळा फिट, जुनी स्किझोफ्रेनियाची पेशंट, वय 58. रात्रपाळीने फिटसाठी फेनिटॉइन लिहून ठेवलं होतं. मुलगा मात्र येईल त्याला सांगत होता, "आईला आजवर कधी फिट आलेली नाही हो. आधी एकदम पांढरी पडली, मग हातपाय झटकले, आणि अर्ध्या मिनिटात 'काय झालं रे' म्हणून उठून बसली." यातलं एक अक्षर कागदावर नव्हतं. मोठी फिट येऊन गेलेला माणूस बराच वेळ गुंगीत असतो, त्याला धड बोलता येत नाही. पांढरा पडून कोसळणारा आणि लगेच शुद्धीवर येऊन प्रश्न विचारणारा पेशंट आधी मॉनिटरला जोडायचा असतो.

ईसीजी काढलेला होता. मशीनने वर छापलं होतं: रेट 60, क्यूटीसी 462. (क्यूटी म्हणजे ठोक्याची विद्युत लाट सुरू झाल्यापासून हृदय पूर्वपदावर येईपर्यंतचा वेळ, मिलिसेकंदांत. नाडीच्या वेगानुसार तो दुरुस्त केला की क्यूटीसी.) तेवढं वाचून कागद फाइलला लागला. पण पोटॅशियम उतरलं की टी लाट (हृदय पूर्वपदावर येतानाची लाट) चपटी होते, तिच्या शेपटीला यू लाट चिकटते, आणि टी नेमकी कुठे संपली हे मशीनला कळत नाही. अशा वेळी पट्टी घेऊन बसावं लागतं. ईसीजीतली लीड टू किंवा व्ही फाइव्ह ही ओळ घ्यायची, टीचा उतार जिथे सगळ्यांत तीव्र आहे तिथे स्पर्शरेषा ओढायची, ती बेसलाइनला जिथे छेदते तिथे क्यूटी संपला. क्यूआरएसच्या (ठोक्याच्या टोकदार लाटेच्या) सुरुवातीपासून तिथवर लहान चौकोन मोजायचे. कागदाचा वेग 25 मिमी असेल तर एक चौकोन 40 मिलिसेकंदांचा. इथे साडेतेरा भरले, म्हणजे 540. रेट 60 असल्याने आरआर (दोन ठोक्यांमधलं अंतर) बरोबर एक सेकंद, त्यामुळे दुरुस्तीचं सूत्र बॅझेटचं लावा नाहीतर फ्रिडेरिशियाचं, आकडा तोच राहतो. (एरवी नाडी जलद असली की बॅझेट आकडा फुगवतो. क्लोझापिन या स्किझोफ्रेनियाच्या औषधावरच्या पेशंटची नाडी 110 असताना बॅझेट लावून घाबरणारे आणि औषध बंद करणारे पुष्कळ आहेत.) बायकांमध्ये 460 पर्यंत ठीक, 500 च्या पुढे झोप उडायला हवी.

दुसरी खटकणारी गोष्ट नाडीची. दोन दिवस जुलाब झालेल्या बाईची नाडी 60 कशी? उत्तर मुलाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत होतं. बीपीसाठी नाडी मंद करणारं अटेनोलॉल, शिवाय टेल्मिसार्टन-हायड्रोक्लोरोथायझाइड. मानसोपचारतज्ज्ञांचं स्किझोफ्रेनियासाठी हॅलोपेरिडॉल 10 मिलिग्रॅम, त्याचे दुष्परिणाम आवरायला ट्रायहेक्सिफेनिडिल, आणि मागच्या खेपेला वाढवलेलं एसिटालोप्रॅम 20, हे अँटिडिप्रेसंट. गल्लीतल्या डॉक्टरांनी जुलाबासाठी दिलेलं ऑफ्लोक्सासिन-ऑर्निडाझोल, पित्तासाठी पँटोप्राझोल-डॉम्पेरिडोन. आमच्याकडे आल्यावर उलटीसाठी शिरेतून ऑन्डॅनसेट्रॉन. हॅलोपेरिडॉल, एसिटालोप्रॅम, ऑफ्लोक्सासिन, डॉम्पेरिडोन, ऑन्डॅनसेट्रॉन ही पाचही क्यूटी लांबवणारी, आणि तीन वेगवेगळ्या हातांनी लिहिलेली. एकेकाचा डोस नेहमीचाच. एसिटालोप्रॅमच्या वीसला मात्र मी सूट देणार नाही. साठीकडे झुकलेल्या, हॅलोपेरिडॉल चालू असलेल्या बाईला तो डोस ईसीजीशिवाय वाढवायला नको होता.

ठोका पडून गेल्यावर हृदयाच्या पेशीला पूर्वपदावर यायला पोटॅशियम बाहेर सोडावं लागतं. ज्या वाटेने ते जातं तीच वाट ही औषधं अडवतात. रक्तातलं पोटॅशियम घटलं की ती वाट आणखी अरुंद होते आणि औषधाची पकडही घट्ट होते. त्यात नाडी मंद, म्हणजे धोका आणखी वाढलेला. बाईंचं पोटॅशियम 2.7 आलं. लघवीवाटे पोटॅशियम घालवणाऱ्या हायड्रोक्लोरोथायझाइडने आधीच उतरवत आणलेलं असणार, जुलाबांनी उरलंसुरलं नेलं.

रिपोर्ट येईपर्यंत वॉर्डात एक प्रकार झाला. बाई बेचैन झाल्या, सलाईन ओढायला लागल्या, "घाबरं होतंय" म्हणाल्या. ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी सिस्टरला सांगितलं, "मेंटल पेशंट आहे, हॅलोपेरिडॉल पाच आणि फेनार्गन द्या." इंजेक्शन भरलेलं होतं, थांबवलं. "घाबरं होतंय" हेच एखाद्या शाळामास्तरांनी म्हटलं असतं तर त्यांचा बीपी मोजला गेला असता. केसपेपरवर स्किझोफ्रेनिया लिहिला की माणसाची छातीतली धडधडसुद्धा डोक्यातली ठरते.

मॉनिटर लावल्यावर काही मिनिटांतच दिसलं. एक अवेळी ठोका, मग लांब विराम, आणि विरामानंतरच्या ठोक्याच्या टीवर पुढचा ठोका पडून लाटा सुरू: वर मोठ्या, मग बारीक, मग खाली मोठ्या, बेसलाइनभोवती पिळा घेत. टोर्साड, म्हणजे क्यूटी लांबल्यावर येणारी हृदयाची जीवघेणी बेताल लय. आठ-दहा सेकंदांत आपोआप थांबलं. डोळे फिरले, हात झटकले, आणि "काय झालं?" घरच्यांनी पाहिलेली फिट ती हीच.

ज्युनियरच्या हातात लय ताळ्यावर आणणारं अमिओडॅरोन होतं. व्हीटी (हृदयाच्या खालच्या कप्प्यांतून उठणारी जलद लय) म्हटलं की तेच डोक्यात येतं, पण तेही क्यूटी लांबवतं. इथे हवं मॅग्नेशियम, आणि लॅबच्या मॅग्नेशियमची वाट न पाहता. इमर्जन्सी ट्रॉलीत ते नव्हतं. छोट्या हॉस्पिटलात ते हमखास सापडतं लेबर रूममध्ये, एक्लॅम्प्सियासाठी, म्हणजे गरोदरपणातल्या झटक्यांसाठी ठेवलेलं. 50 टक्क्यांची, दोन मिलिलिटरला एक ग्रॅम अशी अँप्युल असते. दोन अँप्युल पातळ करून दहा मिनिटांत दिल्या. नाडी थांबली असती तर तेच एक-दोन मिनिटांत, आणि शॉक अनसिंक्रोनाइज्ड, म्हणजे ठोक्याशी न जुळवता. पॅड छातीवर लावूनच ठेवले होते. मग पोटॅशियम: हाताच्या शिरेतून तासाला 10 मिलिइक्विव्हॅलंट, लक्ष्य 4.5 च्या वर. एरवी 3.6 आलं की आपण हात झटकतो, इथे तेवढ्यावर थांबायचं नसतं. अटेनोलॉल आणि ती पाचही औषधं बंद. मॅग्नेशियमने क्यूटी आखडत नाही, फक्त पुढचा झटका अडतो, म्हणून मॉनिटर काढायची घाई करायची नाही. झटके थांबले नसते तर तात्पुरता पेसर (कृत्रिम ठोके देणारं यंत्र) लावून रेट शंभरच्या आसपास नेण्यासाठी शहरात पाठवावं लागलं असतं.

चौथ्या दिवशी पोटॅशियम 4.6, क्यूटीसी 448. जन्मजात लाँग क्यूटीची शंका त्यामुळे बरीच मागे पडली. पण हॅलोपेरिडॉल सुरू करण्याआधीचा ईसीजीच कुणाकडे नाही. इतकी वर्षं दर महिन्याला गोळ्या मिळाल्या, एकदाही ईसीजी निघाला नाही. त्यामुळे एकट्या हॅलोपेरिडॉलने हा आकडा किती चढत होता, हे आता कुणी सांगू शकत नाही. आणि सगळा वाद तिथेच आहे. हृदयरोगतज्ज्ञांनी लिहिलं: सर्व अँटिसायकोटिक (हॅलोपेरिडॉलच्या वर्गातली औषधं) कायम बंद. मानसोपचारतज्ज्ञ फोनवर चिडले, "एकदा गोळ्या सुटल्या तेव्हा बाई घर सोडून निघून गेल्या होत्या. तेव्हाचा धोका कोण मोजणार?" हॅलोपेरिडॉल परत नको, यात मला हृदयरोगतज्ज्ञांचं पटतं. "सर्व" या शब्दाला मात्र आधार नाही. त्याच वर्गातलं अरिपिप्राझोल क्यूटीला जवळजवळ हात लावत नाही.

ते 5 वर सुरू करून 10 वर नेलंय. एसिटालोप्रॅम बंदच. बीपीला आता फक्त अम्लोडिपिन. मुलाच्या पाकिटात बंद केलेल्या औषधांची मराठीतली यादी आहे, ती मेडिकलवाल्यालाही दाखवायची. जुलाब झाले तर गोळी घेण्याआधी पोटॅशियम तपासायचं. बाई रात्री पुन्हा कुणाशी तरी बोलतात, असं मुलगा म्हणतो. हृदयरोगतज्ज्ञ औषध वाढवायला नाही म्हणतात, मानसोपचारतज्ज्ञ 15 करून महिनाभर बघू म्हणतात. कालचा क्यूटीसी हाताने मोजून 451 आला, पोटॅशियम 4.3. मी 15 ला हो म्हटलंय, दोन आठवड्यांनी ईसीजी करायच्या अटीवर.