टोमॅटोच्या मुळांवरच्या गाठी

चौथा तोडा झाला आणि टोमॅटोनं माना टाकल्या. दुपारी झाड मलूल, संध्याकाळी पुन्हा ताजं. आठवडाभरानं ते संध्याकाळीही उठेना. आमचं हे दहा गुंठ्यांचं रान नारायणगाव पट्ट्यात आहे. मी बुरशीचा मर रोग समजून बुरशीनाशकाच्या दोन आळवण्या दिल्या, म्हणजे औषधाचं पाणी मुळाशी ओतलं, काही फरक पडला नाही.

सासरे म्हणाले, "औषध थांबव गं. आधी झाड उपटून तर बघ."

उपटलं, तर मुळं आल्याच्या गड्ड्यासारखी गाठाळ. हरभऱ्याच्या मुळावरच्या गाठी नखानं सुटतात. या सुटत नव्हत्या, मूळच फुगलेलं होतं. म्हणजे सूत्रकृमी, मातीतले मुळांत शिरणारे डोळ्यांना न दिसणारे बारीक जंत. खोड उभं चिरलं तर आत तपकिरी रेघा. त्याचा एक तुकडा स्वच्छ पाण्याच्या ग्लासात धरला. दुधाळ धार सुटली नाही, तेव्हा जिवाणूंची मर नव्हती. सूत्रकृमींनी मुळांना जखमा केल्या आणि त्यांतून फ्युजेरियम बुरशी आत शिरली होती. नुसतं बुरशीचं औषध ओतून ती थांबणार कशी? चूक आमचीच होती. चार वर्षं त्याच रानात टोमॅटो, मग काकडी, मग भेंडी. तिन्ही सूत्रकृमींच्या आवडीची पिकं.

झाडं मुळांसकट उपटून रानाबाहेर जाळली. जुलैअखेर तिथं झेंडू लावला, आणि तो अख्ख्या रानात दाट लावला. हे मुद्दाम सांगते, कारण बरेच जण बांधाला एक ओळ लावतात. ती ओळ फळ पोखरणाऱ्या अळीसाठी ठीक आहे. सूत्रकृमी मात्र झेंडूच्या मुळांशीच अडतात, म्हणून जिथं टोमॅटो घ्यायचा तिथंच झेंडूची मुळं पसरायला हवीत. फुलं दसऱ्याला विकली, झाडं तिथंच गाडली. रब्बीत गहू घेतला.

एप्रिलमध्ये रान नांगरून ढेकळं फोडली, भरपूर पाणी दिलं आणि वर २५ मायक्रॉनचा पारदर्शक प्लास्टिक कागद अंथरला. काळा मल्चिंग पेपर इथं कामाचा नाही, ऊन आरपार जाऊन ओली माती तापली पाहिजे. कडा मातीनं बुजवल्या. कागद सहा आठवडे तसाच ठेवला. कुत्र्यांनी दोन ठिकाणी फाडला, तिथं चिकटपट्टी लावली.

या उन्हानं वाईटाबरोबर थोडं चांगलंही मरतं. म्हणून ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी, नंतरच टाकायचा, हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. मे महिन्यात सावलीत दोनशे किलो कुजलेल्या शेणखतात दोन किलो ट्रायकोडर्मा मिसळला, ओलं गोणपाट झाकलं, मध्ये एकदा खालीवर केलं. दहा दिवसांत खतावर हिरवट-पांढरी बुरशी दिसली. कागद काढल्यावर हे खत आणि शंभर किलो निंबोळी पेंड गादीवाफ्यात मिसळली. वाफे उंच केले, कारण मुळाशी पाणी साचलं की बाकी सगळं वाया जातं. रोपवाटिकेतून रोपं आणताना ट्रेमधली चार-पाच काढून मुळं पाहिली. लावणीआधी मुळं ट्रायकोडर्माच्या पाण्यात बुडवली, लिटरला दहा ग्रॅम. ठिबकमधून तांबेयुक्त औषध अजिबात सोडलं नाही. एका हातानं बुरशी पेरायची आणि दुसऱ्या हातानं मारायची, असं होतं त्यानं.

पंचेचाळीस दिवसांनी जीव मुठीत धरून एक झाड उपटलं. पांढरी मुळी भरगच्च! मला रडू आलं. सासरे ती मुळी हातात घेऊन बराच वेळ बघत बसले.

रान पुरतं स्वच्छ झालेलं नाही. शेवटच्या तोड्यानंतर वेगवेगळ्या वाफ्यांतली दहा झाडं उपटून पाहिली. सातांची मुळं साफ होती, तिघांवर बारीक गाठी. तिन्ही उताराच्या टोकाची, जिथं पाणी येऊन थांबतं. तिथं आता चर खणतोय, आणि पुढच्या जुलैत त्या रानात पुन्हा झेंडूच लावणार आहोत.