पुरातली की घरातली? सांगली-साताऱ्यात सेकंडहँड अर्टिगा घेताना

एस्टेट गाडी, म्हणजे मागे छतापर्यंत लांब डिकी असलेली सेडान, आपल्याकडे रुजली नाही. १९९२ ची टाटा इस्टेट झाली, २००४ ची इंडिगो मरिना झाली. लोकांनी कौतुक केलं आणि घरी सेडान नेली. ते काम आता मारुतीची अर्टिगा करते. तिसरी रांग वर्षभर आडवी पाडलेली, मागे खताची दोन पोती किंवा दुकानाचा माल, आणि लग्नसराईत सात माणसं. पहिली पिढी २०१२ ची, दुसरी नोव्हेंबर २०१८ ची. तिसरी रांग उभी ठेवली तर पहिलीत डिकी १३५ लिटरची उरते, दुसरीत २०९. म्हणजे सात माणसं आणि सात बॅगा हे गणित दोन्हीत बसत नाही, हे घेण्याआधीच घरच्यांना सांगून ठेवा.

सेकंडहँड गाडी बघायला गेलेला माणूस आधी किलोमीटर बघतो. मीटर मागे फिरवता येतो, हे सगळ्यांना ठाऊक असूनही बघतो. आपल्या भागात पहिला प्रश्न वेगळा हवा: गाडी पाण्यात होती का? २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर सांगलीला सांगायला नकोत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती, आणि धोक्याची पातळी आहे ४५ फूट. जुलै २०२१ मध्ये चिपळूण बुडालं. कुंभार्ली घाट चढला की गाडी कराडात येते, त्यामुळे नंबर एमएच-०८ चा असो, एमएच-०९ चा असो की एमएच-१० चा, तपासणी तीच. पुण्याचं पासिंग आहे म्हणून निर्धास्त राहू नका. पासिंगवरून गाडी कुठे उभी होती ते कळत नाही.

पाण्यात गेलेली गाडी धुऊन, पॉलिश करून, नवे सीट कव्हर घालून उभी केली की चकचकीत दिसते. त्यामुळे जिथे पॉलिशवाल्याचा हात जात नाही तिथे बघायचं. सगळे सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. वरचा हातभर भाग स्वच्छ आणि आतला पट्टा मातकट, किंवा आडवी रेघ उमटलेली, तर तिथपर्यंत पाणी होतं. दहा वर्षांच्या गाडीत सगळे बेल्ट कोरे करकरीत असतील तर ते का बदलले, हे विचारा. पुढच्या सीटखाली हात घालून सीटच्या रुळांचे बोल्ट बघा. वरून थोडा गंज चालतो, पण पापुद्रे सुटलेले नकोत. दाराच्या उंबऱ्याची प्लास्टिक पट्टी उचकटून गालिच्याखालचा फोम दाबा. वरचा गालिचा दोन दिवसांत वाळतो, खालचा फोम महिनाभर ओल धरून ठेवतो. त्याचा वास अत्तराच्या डबीने झाकत नाही. काचा बंद करून एसी न लावता नुसता ब्लोअर पाच मिनिटं चालवा, वास आपोआप बाहेर येतो.

मग वायरिंग. डॅशबोर्डखालचा एखादा कनेक्टर सोडवून पिना बघा. हिरवट पावडर धरलेली असेल तर सौदा तिथेच थांबवा, भाव कितीही उतरला तरी. इंजिन मिस्त्री उघडून बांधू शकतो, पण पाणी प्यालेलं वायरिंग वर्ष-दोन वर्षं रोज नवा आजार काढतं: आज काच खाली येत नाही, उद्या हॉर्न, परवा घाटात इंजिन बंद. चावी ऑन केल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. तो लागतच नसेल तर कुणीतरी दिवाच कापला आहे. विझतच नसेल तर दोष आहे. ऑइलच्या दिव्याबरोबरच विझत असेल तर वायर दुसऱ्या दिव्याला जोडलेली असू शकते, म्हणून स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोषाचे कोड वाचणारं यंत्र) लावून एअरबॅगचा कंट्रोलर उत्तर देतो का ते बघा. साधा ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर बहुधा इंजिनाचेच कोड वाचतो, त्यामुळे या कामाला गॅरेजचा मोठा स्कॅनर लागतो.

एअर फिल्टरचा डबा उघडून तळाशी गाळाची रेघ आहे का बघा. चालू इंजिनात तिथून पाणी आत गेलं की ते दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. असं इंजिन दुरुस्त होऊन आलेलं असेल तर त्याची बिलं मागा. बिल नसलेलं "इंजिनकाम केलंय" हे वाक्य गुण म्हणून सांगितलं जातं, तो दोष समजा. शेवटी गिअरबॉक्सचं ऑइल: दुधाळ दिसलं तर पाणी आहे.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गाडीच्या नंबरवरून जुनी जॉबकार्डं निघतात. मालकाला सोबत घेऊन जा. त्यात प्रत्येक वेळचे किलोमीटर असतात, आणि पुराच्या महिन्यानंतर लगेच गालिचा, अल्टरनेटर, स्टार्टर, बेअरिंग असं एकत्र बदललेलं दिसलं की बाकी काही विचारायची गरज उरत नाही.

कोणतं इंजिन? रोज सांगली-कोल्हापूर जाऊन येऊन असेल तर जुनं १२४८ सीसी, म्हणजे १.३ लिटरचं डिझेल अजूनही परवडतं. गावातल्या गावात पाच-सात किलोमीटर असेल तर पेट्रोल घ्या, कारण डिझेल इंजिन तापायच्या आत बंद होत राहिलं की ईजीआर (धूर पुन्हा इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) काजळीने तुंबतो. २०१९ मध्ये आलेलं १.५ डिझेल जेमतेम वर्षभर विकलं गेलं. त्यापेक्षा जुन्या १.३ ला मिस्त्री आणि सामान सहज मिळतं. एक गोम मात्र आहे: स्विफ्टमध्ये तेच इंजिन ७५ पीएसचं, अर्टिगात ९० पीएसचं, आणि दोघांचे टर्बो वेगळे. जुन्या बाजारातला स्विफ्टचा टर्बो अर्टिगाला "बसतो" म्हणणाऱ्याकडून काम करून घेऊ नका.

डिझेल गाडी सकाळी, थंड इंजिनावर बघा. बॉनेटला हात लावून कोमट लागलं तर परत या, तुमच्यासाठी आधीच तापवून ठेवली आहे. थंड स्टार्टला दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त खडखड म्हणजे टायमिंग चेन सैल झाली आहे. या इंजिनात ऑइल तीन लिटरच्या आसपासच मावतं. त्यातलं लिटरभर कमी झालं आणि कुणी डिपस्टिक पाहिली नाही, की चेन ताणून धरणारा टेन्शनर उपाशी राहतो. म्हणून दहा हजार किलोमीटरची किंवा एका वर्षाची मुदत पाळलेली गाडी लाख-दीड लाख फिरलेली असली तरी चालेल. इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण काढून भोकावर उलटं ठेवा. किंचित थरथरलं तर ठीक, उडून पडलं किंवा धुराचा झोत आला तर पिस्टनच्या रिंगा गेल्या.

चालवून बघायला साताऱ्यात यवतेश्वरचा घाट उत्तम. चढावर वरच्या गिअरमध्ये दाबून द्या. आरपीएम वाढले आणि वेग वाढला नाही तर क्लच प्लेट घसरते आहे. स्कॅनरवर कूलंटचं तापमान साधारण ८५ ते ९५ अंशांच्या आसपास फिरतं, १०५ च्या वर जाऊन तिथेच राहिलं तर रेडिएटर, पंखा, थर्मोस्टॅट तिन्हींचा संशय घ्या. उतारावर ब्रेक दाबताना स्टिअरिंग थरथरलं तर डिस्क वाकडी. सांगलीत सपाटी असल्याने हे दोष लपतात.

कागदांचं थोडक्यात. गाडी नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०, कर्ज असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी, चालू विमा, पीयूसी. ई-चलन सौद्याआधी बघा, आणि १ एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर नवी सुरक्षा नंबरप्लेट बसली आहे का तेही. विमा आपल्या नावावर करायचा अर्ज १४ दिवसांत द्या. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस गाडीबरोबर येत नाही, त्यामुळे फरकाची रक्कम भरावी लागते.

आता सुधारणा. गाडीच्या किमतीच्या दहा-पंधरा टक्के रक्कम बाजूला ठेवा, आणि त्यातला पहिला रुपया टचस्क्रीनवर घालू नका. सगळी ऑइलं, कूलंट, ब्रेक ऑइल, डिझेल, एअर आणि एसीचा फिल्टर पहिल्या आठवड्यात बदला, आधीच्या मालकाने कालच बदललं असं सांगितलं तरी. टायरवरचे चार आकडे वाचा: २३१८ म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर असली तरी इतका जुना टायर कडक झालेला असतो, पावसात पकडत नाही. माप १८५/६५ आर १५ हेच ठेवा. ऑक्टोबर २०१५ नंतरच्या डिझेलवर एसएचव्हीएसचा (मारुतीच्या सौम्य हायब्रिड यंत्रणेचा) बिल्ला असेल तर बॅटरी त्याच प्रकारची घ्या, साधी स्वस्त बॅटरी त्यात लवकर निकामी होते.

हेडलाइट पिवळे पडले असतील तर नवे घ्यायची गरज नाही. ८००, १५००, २०००, ३००० नंबरचा पाणीकागद क्रमाने, सतत ओला ठेवून घासा आणि शेवटी यूव्ही क्लिअरकोट मारा. कोट न मारता नुसतं पॉलिश केलं तर काही महिन्यांत पुन्हा पिवळे. १००/९० वॅटचे बल्ब मूळ वायरिंगवर लावले की होल्डर वितळतो. ६०/५५ चेच ठेवून रिले किट टाकलं तर बल्बला पूर्ण व्होल्टेज मिळतो आणि फरक दिसतो. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बल्ब घालणाऱ्यांनी गाळप हंगामात रात्री समोरून बघावं. उसाच्या ट्रॉलीला मागे दिवा नसतो, आणि समोरच्या झगमगाटात ती शेवटपर्यंत दिसत नाही.

मागे माल भरला की गाडी बसते, म्हणून स्प्रिंगच्या वेढ्यांत रबरी बफर घालायची पद्धत आहे. तो वेढा दबायचा थांबतो, भार बाकीच्या वेढ्यांवर जातो आणि स्प्रिंग तुटू शकते. मागच्या स्प्रिंगा, शॉकअप आणि बंप स्टॉप एकदाच नवे टाका, भरलेल्या गाडीसाठी दारावरच्या स्टिकरप्रमाणे हवा ठेवा. तिसरी रांग काढून टाकायचा मोह आवरा. आरसीवर सात सीट लिहिलेल्या आहेत, आणि परवानगीशिवाय केलेला बदल अपघाताच्या क्लेममध्ये विमा कंपनीला आयतंच कारण देतो. आडवी पाडून वर जाड रबरी मॅट टाकली की काम भागतं.

स्टेपनी गाडीच्या पोटाखाली टांगलेली असते. खरेदीच्या दिवशीच ती उतरवून परत चढवा, गंजून अडकलेली यंत्रणा पावसात रस्त्यावर कळण्यापेक्षा बरी. खालचं गंजरोधक कोटिंग एप्रिल-मेमध्ये करा, उसाच्या रस्त्यांचा चिखल संपल्यावर आणि पावसाळ्याच्या आधी. गाडी धुऊन एक दिवस उन्हात वाळू द्या. ओल्या मातीवर मारलेलं कोटिंग गंजाला झाकणच घालतं. दारांच्या आणि उंबऱ्यांच्या खाली पाणी निघायची बारीक भोकं असतात. ती आधी तारेने मोकळी करा, वर चिकटपट्टी लावा, आणि काम झाल्यावर पट्टी काढायला कारागिराला आठवण करा.