तळं आधी कागदावर बुजतं

नॉम पेन्हमधलं बोएंग काक तळं रेतीने बुजवलं, हे कंबोडियाविषयी थोडंफार वाचणाऱ्याला माहीत असतं. पण रेती नंतर आली. तळं बुजलं ते आधी कागदावर, आणि तो क्रम नीट पाहिला नाही तर त्याच शहराच्या दक्षिणेला आज काय चाललंय तेही कळणार नाही.

फेब्रुवारी 2007 मध्ये नगर प्रशासनाने शुकाकू नावाच्या कंपनीला 133 हेक्टर जागा 99 वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिली. त्यातलं साधारण 90 हेक्टर पाणीच होतं. किंमत 7 कोटी 90 लाख डॉलर. भागाकार करून बघा: चौरस मीटरला साठेक डॉलर, तेही 99 वर्षांसाठी. म्हणजे वर्षाला साठ सेंट, राजधानीच्या ऐन मध्यभागी. कंपनी लाओ मेंग खिन यांची, आणि ते सत्ताधारी पक्षाचे सिनेटर.

आता कायदा. कंबोडियाच्या 2001 च्या भूमी कायद्यानुसार नैसर्गिक तळं ही सरकारी सार्वजनिक मालमत्ता. ती विकता येत नाही. भाड्याने द्यायची तर 2006 च्या नियमाप्रमाणे जास्तीत जास्त 15 वर्षं, आणि तिचं सार्वजनिक काम बिघडता कामा नये. यातून सुटायला एकच वाट आहे: मालमत्तेचा वर्ग बदलून ती 'सरकारी खासगी' करायची, म्हणजे सरकारची पण विकता किंवा भाड्याने देता येईल अशी. त्यालाही अट आहे, की तिचा सार्वजनिक उपयोग संपलेला असावा. बोएंग काक तर तेव्हाही आसपासच्या वस्त्यांचं पावसाचं पाणी पोटात घेत होतं. तरीही वर्ग बदलला, ऑगस्ट 2008 मध्ये, म्हणजे करारानंतर दीड वर्षाने. त्याच महिन्यात रेतीचे पाइप सुरू झाले. याचा सरळ अर्थ असा की सही झाली त्या दिवशी ही जागा 99 वर्षांसाठी द्यायचा अधिकारच कुणाला नव्हता. कुठल्याही भरावाच्या प्रकल्पात मी पहिल्यांदा याच तीन तारखा शोधतो: वर्ग बदलल्याची, कराराची आणि पहिल्या पाइपची.

पाइपातून नुसती रेती येत नाही. नदीच्या तळातून ड्रेजरने उपसलेली रेती पाण्यात कालवून पंपाने ढकलतात. रेती खाली बसते, आणि सोबत आलेलं पाणी व तळ्यातलं मूळचं पाणी दोन्ही बाहेर पडू पाहतात. बाहेर काढायची वाट अपुरी असली की ते काठावरच्या घरांत शिरतं. बोएंग काकला तेच झालं, घराघरांत पाणी आणि गाळ. नुकसान तिथे थांबत नाही. भराव आजूबाजूच्या गल्ल्यांपेक्षा उंच ठेवतात, त्यामुळे नव्या जमिनीवरचा पाऊसही जुन्या वस्तीकडे वाहतो. 90 हेक्टर तळ्यात पाण्याची पातळी एक मीटर चढली तर नऊ लाख घनमीटर पाणी मावतं. ती जागा गेली की तेवढं पाणी पंपांवर आणि गटारांवर येतं, आणि ती गटारं सुधारायला परदेशी मदतीचा पैसा लागतो. जमिनीचा नफा एकाच्या खिशात आणि पाण्याचा खर्च शहराच्या माथी, ही वाटणी मला सगळ्यात जास्त खटकते.

तळ्याकाठी सुमारे चार हजार कुटुंबं होती. भूमी कायद्याचं कलम 30 सांगतं की कायदा येण्याआधी पाच वर्षं शांतपणे, वादाविना ताबा असेल तर मालकीपत्र मागता येतं. ज्यांचा ताबा तेवढा जुना होता, त्यांचा दावा भक्कम होता. शिवाय जागतिक बँकेच्या पैशाने जमीन नोंदणीचा प्रकल्प तेव्हा चालू होता. मोजणी झाली, पण या वस्तीला मालकीपत्रं मिळाली नाहीत. नोंद नाही म्हणून माणसं 'बेकायदा' ठरली, आणि बेकायदा ठरली की बाजारभावाचा प्रश्नच येत नाही. समोर ठेवले गेले ते 8,500 डॉलर, नाहीतर शहराबाहेर लांब दामनाक त्रायेंगला घर.

रहिवाशांनी, विशेषतः बायकांनी, 2009 मध्ये जागतिक बँकेच्या तपासणी पॅनेलकडे, म्हणजे बँकेच्या प्रकल्पांविरुद्धच्या तक्रारी तपासणाऱ्या मंडळाकडे, तक्रार नेली. पॅनेलने त्यांची बाजू बरोबर ठरवली. ऑगस्ट 2011 मध्ये बँकेने नवीन कर्जं थांबवल्याचं जाहीर केलं, आणि काही दिवसांतच तेव्हाचे पंतप्रधान हुन सेन यांनी 12.44 हेक्टर जागा उरलेल्या कुटुंबांना देण्याच्या आदेशावर सही केली. इतकी वर्षं ज्यांचा हक्कच नाही असं सांगितलं जात होतं, त्यांच्यासाठी एका सहीने जागा निघाली. तरी आखलेल्या रेषेबाहेर काही घरं राहिलीच. 2012 च्या मे महिन्यात आंदोलन करणाऱ्या तेरा बायकांना तुरुंगात टाकलं. आंदोलनाचा चेहरा असलेल्या तेप वान्नी पुढे 2016 ते 2018 अशी दोन वर्षं तुरुंगात होत्या. बँकेने 2016 मध्ये कर्जं पुन्हा सुरू केली.

आता दक्षिणेला बोएंग तुम्पुन आणि च्युंग एकच्या पाणथळीवर तोच डाव चालू आहे, फक्त कितीतरी मोठा. आयएनजी सिटी या एकाच प्रकल्पाचा आराखडा अडीच हजार हेक्टरच्या वर जातो. शहराचं बरंचसं सांडपाणी पंपाने याच पाणथळीत येतं. तिथली कुटुंबं पाण्यावर तरंगत्या वाफ्यांत नाळीची भाजी लावतात. ही वेल आणि तिच्यासोबतच्या पाणवनस्पती सांडपाण्यातलं नत्र आणि स्फुरद शोषून घेतात, मग ते पाणी पुढे नदीकडे जातं. हे काम यंत्राने करायचं तर काय लागेल? जपानच्या मदतीने तिथे सांडपाणी शुद्धीकरण केंद्र उभं राहिलंय, त्याची क्षमता दिवसाला 5,000 घनमीटर. माणशी शंभर लिटर धरले तर ती पन्नास हजार लोकांना पुरते. शहराची वस्ती वीस लाखांच्या वर आहे, आणि रेतीचे पाइप अजून बंद झालेले नाहीत.