मुंबईची तिथी, अंदमानचं पाणी

"रॉस? अहो दादा, रॉस आपण परवाच बघितलं की!"

दिगलीपूरला नेलेल्या प्रत्येक ग्रुपमध्ये कुणीतरी हे म्हणतंच. पोर्ट ब्लेअरसमोरचं रॉस वेगळं, त्याचं नाव २०१८ मध्ये नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप झालं. हे उत्तर अंदमानातलं रॉस. शेजारचं स्मिथ आणि हे, दोन्ही बेटं वाळूच्या एका दांड्याने जोडलेली. ओहोटीला चालत जायचं, भरतीला दांडा पाण्याखाली.

आपली मंडळी अंदमानला येतात ती सेल्युलर जेलसाठी. सावरकरांच्या कोठडीपाशी डोळे पुसायचे, मग हॅवलॉक, नील ही बेटं आणि घरी. इथवर फार थोडे पोचतात, कारण जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून ताफ्याने, खाडी ओलांडत, अख्खा दिवस बसमध्ये जातो. पुण्यात बसून कार्यक्रम आखणारा त्याला 'निसर्गरम्य प्रवास' म्हणतो. तो स्वतः कधी आलेला नाही.

गेल्या जानेवारीत चौदाजण होते, बहुतेक साठीपुढचे. त्या दिवशी संकष्टी. एरियल बे जेट्टीवर वनखात्याच्या परवान्याला नावं देत होतो, लाइफ जॅकेटचे पट्टे आवळत होतो, तेवढ्यात एक निवृत्त बाई आणि त्यांची नणंद विचारायला आल्या, "चंद्रोदय किती वाजता? कॅलेंडरात नऊ दिलेत."

मी शान मारली. म्हटलं, "ती वेळ मुंबईची. आपण किती पूर्वेला आलोय बघा. इथे चंद्र तास-सव्वा तास आधी उगवेल. लवकर जेवाल." दोघी खूश.

मी मूळचा देवगडकडचा. तिथे शाळेत पाढे यायच्या आधी एक हिशेब येतो: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. अष्टमीला सहा, चतुर्थीला तीन. तीनला पुरी भरती म्हणजे नऊला पुरी ओहोटी. आम्ही स्मिथवर उतरलो तेव्हा नऊच वाजत होते. मी सगळ्यांना सांगितलं, "आत्ता तळाची ओहोटी आहे. दोन तास निवांत फिरा."

डुंगीवाला, म्हणजे आमची छोटी मोटरबोट चालवणारा, बंगाली पोरगा. इंजिन वर उचलता उचलता म्हणाला, "दादा, पानी उठ रहा है. आधे घंटे में सबको वापस लाना."

मी हो म्हटलं. मनात म्हटलं, याला दुसरी फेरी मारायची घाई झालीय. डुंगीवाल्यांना घाई असतेच, ही माझी बारा वर्षांची ठाम समजूत.

खरं तर मला वाळूनेही सांगितलं होतं. पाणी उतरत असलं की त्याच्या वर हात-दोन हात वाळू ओली चमकते, पाय टेकला की पाऊलभर कोरडी होते आणि पुन्हा ओलावते. इथे पाण्याच्या कडेपर्यंत वाळू कोरडी होती, भाजलेल्या रव्यासारखी. कडेला फेसाची बारीक रेघ, त्यात एक वाळकं पान. मी ते पान वर सरकताना पाहिलं. पाहिलं, आणि ग्रुपचा फोटो काढायला वळलो.

पाऊण तासाने मोजले तर बारा. दोघी रॉसवर होत्या, झाडाखाली बसून राजगिऱ्याचे लाडू खात. दांड्याच्या मधल्या भागावर दोन्ही बाजूंच्या लाटा एकमेकींवर चढत होत्या आणि वाळू दिसेनाशी झाली होती. हाका ऐकून त्या लगबगीने निघाल्याही. मी धावलो. मध्यावर पाणी मांडीपर्यंत आणि ओढ एका बाजूला. बाईंच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. लाट आली, पाय सुटला, जॅकेटमुळे त्या तरंगल्या, पण नाकातोंडात पाणी गेलंच. मी त्यांचा दंड धरला. नणंदबाईंना माझ्या आधी डुंगीवाल्याने गाठलं होतं. मी बोलवायच्या आतच त्याने डुंगी वळवून खोल बाजूला आणून धरली होती. दोघींना त्यानेच वर घेतलं, मी फक्त खालून ढकललं.

खोकला थांबल्यावर बाईंचा पहिला प्रश्न, "उपास मोडला का हो? समुद्राचं मीठ चालत नाही." सगळे हसले. मीही हसलो, पण हात थरथरत होते.

रात्री हॉटेलवर फोनमध्ये भरतीचं कोष्टक उघडलं. आम्ही उतरलो तेव्हा ओहोटी संपून दोन-अडीच तास झाले होते. पाऊणपटीचा हिशेब खोटा नाही, पण तो आमच्या किनाऱ्याचा. पाणी चंद्रामुळेच चढतं, मात्र कुठे किती वाजता चढेल हे तिथल्या समुद्राच्या खोलीवर आणि किनाऱ्याच्या घडणीवर ठरतं. सर्व्हे ऑफ इंडिया दरवर्षी भरती-ओहोटीची कोष्टकं काढतं ती याचसाठी. चंद्रोदयाच्या बाबतीत जागेचा हा विचार मी चुटकीसरशी केला होता.

ऑफिसच्या रिपोर्टात मी लिहिलं, 'रॉस-स्मिथ, सर्व सुखरूप.' फीडबॅकच्या फॉर्मवर बाईंनी लिहिलं, 'दादांनी जिवावर उदार होऊन वाचवलं.' डुंगीवाल्याचा उल्लेख कुणीच केला नाही, मीही नाही. जेट्टीवर त्याला जास्तीचे पाचशे द्यायला गेलो तर त्याने फेरीचे ठरलेले तेवढे घेतले आणि विचारलं, "आपको किसने बोला था, पानी उतर रहा है?"

त्या संध्याकाळी साडेसातपासून दोघी अंगणात उभ्या होत्या. थोड्या वेळाने झाडांवर चंद्र आला, कॅलेंडरच्या तासभर आधी. बाई आत बघून मोठ्याने म्हणाल्या, "काहीही म्हणा, आपल्या दादांचा हिशेब पक्का!"