सत्तावीसपैकी चौदा

मला सत्तावीसपैकी चौदा मार्क पडले. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे पास ना?"

परीक्षेचं नाव पीएचक्यू-नाइन, नैराश्य किती आहे ते मोजायची. नऊ प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन मार्क. गेल्या दोन आठवड्यांत कशात मन लागलं नाही असं किती दिवस झालं, झोप, थकवा, भूक, स्वतःबद्दल वाईट वाटणं वगैरे. जितके मार्क जास्त, तितकी तब्येत खराब. दहा ते चौदा म्हणजे मध्यम. पंधरापासून पुढची इयत्ता. एका मार्काने हुकली, हे माझ्या मनात आधी आलं. अर्ध्या मार्कासाठी बाईंच्या टेबलापाशी उभं राहिलेली खोड, ती समुद्र ओलांडला तरी जात नाही.

कारण विचाराल तर सांगण्यासारखं काही नाही. नोकरी बरी, नवरा बरा, पोरगी शाळेत रमलेली. फेब्रुवारीत एका सकाळी डबा भरताना पोळी हातात घेऊन ओट्यापाशी उभी राहिले, ती वीस मिनिटं तशीच. नवऱ्याने येऊन हातातली पोळी काढून घेतली. तो काही बोलला नाही. संध्याकाळी लॅपटॉप उघडून म्हणाला, "हा फॉर्म भर."

इंग्लंडात बोलून उपचार करायची ही सरकारी सोय २००८ पासून आहे, आता तिचं नाव टॉकिंग थेरपीज. डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही, आपलं आपण नाव नोंदवायचं. फॉर्ममध्ये विचारलं होतं, कुठल्या भाषेत बोलायला आवडेल, दुभाषी हवा का, पत्र मोठ्या अक्षरांत पाठवू का. मी दिवसभर इंग्रजीतच काम करते, दुभाष्याची काही गरज नव्हती. पण बघू तरी यांची किती तयारी आहे म्हणून खोडसाळपणे 'मराठी' लिहून टाकलं.

दुसऱ्या आठवड्यात फोन आला, तर लाइनवर तिसरी बाई. हेल थेट सोलापूरकडचा. इंग्रज मुलगी कागदावरचे प्रश्न वाचायची आणि ही आपल्या भाषेत आणायची. मी कानकोंडी झाले होते. इथल्या करदात्यांच्या पैशाने माझी चैन चालल्यासारखं वाटत होतं. इंग्रज मुलगी म्हणाली, "भूक कमी झालीय किंवा जास्त खाल्लं जातंय, असं किती दिवस?" तिकडून सोलापूरच्या बाईंनी विचारलं, "जेवण जातंय का, ताई?"

मग जे रडायला आलं ते आवरेना. दोघीही थांबल्या. कुणी "रडू नका" म्हणालं नाही.

नववा प्रश्न मरणाचा असतो. मेलेलं बरं किंवा स्वतःला काही इजा करावी असे विचार येतात का? दुभाषी बाईंनी तो आवाज खाली न आणता विचारला, चहात साखर किती घालू असं विचारावं तसा. मी शून्य सांगितलं, आणि ते खरं होतं. पण फोन ठेवल्यावर मला माझं काही आठवेना, धाकटे काका आठवले.

आमची द्राक्षाची चार एकर बाग दिंडोरी तालुक्यात. मी कॉलेजात असताना एका गारपिटीनंतर काका बोलायचे थांबले. आजारी नव्हते, भांडले नव्हते. पॅकिंगच्या शेडमध्ये रिकाम्या क्रेटवर बसून राहायचे. घरात काय काय झालं ते लिहायला लाज वाटते. आधी देवऋषी, मग नाशकातला डॉक्टर, सहा महिने गोळ्या, मग "आता बरे दिसतात" म्हणून गोळ्या बंद. पाहुण्यांसमोर "येरवड्याला न्यायची वेळ आली होती" असा विनोद व्हायचा आणि सगळे हसायचे. मीही हसायचे. काका आहेत अजून, ओट्यावर बसलेले असतात. जो येतो तो जाता जाता म्हणतो, "बरंय ना?" उत्तर प्रश्नातच घातलेलं. माणसाने 'हां' म्हणण्यापलीकडे करायचं काय?

इथवर वाचून वाटेल, ही बया आता तिकडची आरती ओवाळणार. थांबा.

पहिला फोन दुसऱ्या आठवड्यात आला खरा, पण प्रत्यक्ष उपचार सुरू व्हायला तेरा आठवडे गेले. शंभरातल्या पंच्याहत्तर जणांचे उपचार सहा आठवड्यांत सुरू व्हावेत असा इथला दंडक आहे. मी उरलेल्या पंचवीसांत. तेरा आठवड्यांत आमच्याकडे छाटणीनंतर द्राक्षाच्या मण्यांत गोडी भरायला लागते. नाशकात कॉलेज रोडला संध्याकाळी सातला गेलं तर नऊपर्यंत मानसोपचारतज्ज्ञ तपासून मोकळे करतात. पैसे पडतात, पण करतात. पैसे नसणाऱ्याचं काय, हा प्रश्न मला तेव्हा सुचला नाही. मी तेव्हा फक्त चिडलेली होते.

आणि उपचार सुरू झाले तरी तो कागद काही सुटत नाही. दर फोनच्या आधी तेच नऊ प्रश्न, वर काळजीचे आणखी सात. दर वेळी! अर्ध्या तासाचा फोन, त्यातली सात-आठ मिनिटं मार्क लावण्यात. सुधारणा मोजायची म्हणून हे करतात, ते कळतं मला. पण चौथ्या फोनपर्यंत मी चक्क कॉपी करायला लागले. मागच्या वेळी थकव्याला दोन दिले होते, आता एक देऊ, फोनवरची पोरगी बिचारी खूश होईल. समोरची नवी होती, पंचविशीची असेल. माझे मार्क उतरले की तिचा आवाज फुलायचा. तिला वाईट वाटू नये म्हणून मी बरी होत होते. अस्सल नाशिककर सून.

पाचव्या फोनला मी न राहवून सांगून टाकलं की हे आकडे खोटे आहेत. ती रागावली नाही. म्हणाली, खरे सांगा, पुन्हा मांडू. पुन्हा मांडले तर तेरा.

मग तिने दवाखान्यातल्या लिंक वर्करची गाठ घालून दिली. ही इथली वेगळीच जमात. यांना नेमायचं २०१९ च्या आरोग्य आराखड्यात ठरलं. ना डॉक्टर, ना नर्स. माणसाला गोळी नको असेल, माणसं हवी असतील, तर ती कुठे भेटतील ते शोधून द्यायचं, हे यांचं काम. आमच्या बाई साठीच्या. पहिल्याच भेटीत त्यांनी काय होतंय ते विचारलंच नाही. तुला महत्त्वाचं काय वाटतं, असं विचारलं. मी म्हटलं, माती. दोन आठवड्यांत मी गावच्या सामाईक वाफ्यांवर दर शनिवारी खुरपं घेऊन हजर. सोबत निवृत्त बसचालक, दोन सोमाली बाया, आणि आठ महिने घराबाहेर न पडलेला एक तरुण पोरगा. कुणी कुणाला मार्क विचारत नाही. मी मेथी लावली. इथल्या उन्हात ती ज्या गतीने वाढते, त्याबद्दल न बोललेलं बरं.

त्याच बाईंनी जूनमध्ये विचारलं, "तू इंडियाची ना? ॲटमियाटा म्हणजे काय?" मला शब्द कळेचना. काहीतरी औषध असेल असं वाटलं. त्यांनी चिठोऱ्यावर लिहून दिलं. त्यांच्या एका प्रशिक्षणात झिम्बाब्वेत बाकावर बसून लोकांचं ऐकणाऱ्या आज्यांविषयी सांगितलं होतं, आणि त्याच ओघात हे नाव आलेलं. चिठ्ठी वाचून मी मोठ्याने म्हणाले, "आत्मीयता!" त्या म्हणाल्या, "हां, तेच. त्याचा अर्थ काय?" मी अर्थ सांगितला, तोही धड नाही.

रात्री शोधलं. पुण्याच्या आयएलएस लॉ कॉलेजमधल्या मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्राचा उपक्रम. पहिला प्रयोग २०१३ ते २०१५, एकेचाळीस गावांत. तालुका पेठ, जिल्हा नाशिक.

पेठ! सावळ घाटापलीकडचं, नाशकाहून दीड तासाच्या आतलं पेठ. पेठ नाक्यावरून मी रोज स्कूटी घालून जायचे, त्याच वर्षांत. आमच्या बागेत छाटणीला, थिनिंगला, तोडणीला माणसं यायची ती तिथलीच. दिवाळी झाली की मुकादम टेम्पो भरून आणायचा, बागेच्या कडेला ताडपत्रीच्या पालात राहायची, पावसाच्या तोंडावर नागली-भाताला परत. "यांना कसलं आलंय टेन्शन, पडलं की झोपतात," हे वाक्य आमच्या ओट्यावर दर हंगामाला कुणीतरी म्हणायचंच.

आणि त्यांच्या गावांत तेव्हा गावचेच स्वयंसेवक तयार होत होते. काही 'मित्र', त्यांनी आपल्या ओळखीपाळखीत कोण खचलंय ते हेरायचं. काही 'चॅम्पियन', त्यांनी घरी जाऊन चार-सहा वेळा बसायचं, ऐकायचं, मार्ग काढायला मदत करायची. हातात स्मार्टफोन, त्यात दारू, घरातली मारहाण, भांडणं, बेकारी यांवरच्या छोट्या फिल्म. त्रास मोठा असेल तर डॉक्टरकडे पाठवायचं. आणि मला सगळ्यात पटलेली गोष्ट म्हणजे पेन्शन किंवा रोजगार हमीचं काम अडलं असेल तर तेही मार्गी लावायला मदत करायची. रेशनच्या काळजीने ज्याची झोप उडालीय त्याला दीर्घ श्वास घ्यायला सांगून काय होणार?

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी छाती फुगवून सगळ्यांना सांगत सुटले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये समाजातल्या मानसिक आरोग्य सेवांचे जगभरातले चांगले नमुने निवडले, त्यात आमची आत्मीयता आहे. आमचा कायदाही २०१७ चा, सरकारी सेवेतून मानसिक उपचार मिळणं हा हक्क म्हणून लिहिलेला. तुमचा मूळ कायदा १९८३ चा. कुणी मला आव्हान दिलं नव्हतं, तरी मी भांडत होते. हे मात्र सांगितलं नाही की संघटनेच्या त्या पुस्तकात वर्णन आहे ते गुजरातमधल्या मेहसाण्याचं. पेठनंतर काम तिकडे वाढलं. प्रकल्प गुजरातला जातात ही आपली जुनी तक्रार, त्यात हाही गेला म्हणायचा. आणि हेही नाही सांगितलं की ज्या गावांनी ऐकायला माणसं तयार केली, त्यांची माणसं आमच्या बागेत राबत होती आणि माझा काका तिथेच शेडमध्ये क्रेटवर गप्प बसला होता.

आता कुणी म्हणेल, लांब बसून शहाणपण शिकवायला काय जातंय. खरंय. पण तिथे असते तर मी तरी काय केलं असतं? "बरंय ना?" म्हणून पुढे गेले असते. इथे येऊन मला निदान प्रश्न विचारता येतो. हे मी स्वतःची समजूत घालायला म्हणतेय की काय, कोण जाणे.

आईला १४४१६ हा टेलिमानसचा नंबर दिलाय. केंद्र सरकारची मानसिक आरोग्याची फोनसेवा, २०२२ च्या ऑक्टोबरपासून, चोवीस तास, मराठीतही बोलतात. तिने कॅलेंडरवर दूधवाल्याच्या हिशेबाशेजारी लिहून ठेवलाय. तिला म्हटलं, घरी धुणंभांड्याला येणाऱ्या मावशी पेठकडच्याच ना, त्यांना विचार, तेव्हा गावात कुणी फोनवर फिल्म दाखवत फिरायचं का. तर मावशी भाताच्या आवणीसाठी गावी गेल्यात, आल्या की विचारते म्हणाली.

काल सातवा फोन झाला. नऊ पडले, आणि खरे. आईला सांगितलं.

"नऊ? मग कमीच झाले की."

"कमी म्हणजे चांगलं, आई."

"हो हो, सांगितलं होतंस." थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "तो कागद मराठीत मिळतो का गं?"

"कुणासाठी?"

"दूध ठेवलंय गॅसवर, उतू जाईल. ठेवते."